शालेय फुटबॉल : विजय आणि खेळाडूची घडण

प्राथमिक शाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो व लंगडी यांच्या जोडीला फुटबॉलही आता बऱ्याच ठिकाणी दिसू लागला आहे. १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा २०१७ च्या ऑक्टोबरात भारतात भरली. तिच्या सहा केंद्रांपैकी नवी मुंबई हे एक होते. तत्पूर्वी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रातील शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्यात आला, आणि त्या निमित्ताने पुष्कळ शाळांना चेंडू मिळाले. चेंडू आला की खेळ येतो, खेळ आला की सामने येतात, आणि सामन्यांच्या मागोमाग ढाल येते. ह्या शेवटच्या पायरीवर शिक्षकाची खरी परीक्षा सुरू होते.

सामन्याचे पत्रक येते. दोन आठवडे हाती असतात. शिक्षक सहावी-सातवीतील उंच, थोराड मुले निवडतात. त्यांतील ज्याचा टोला सर्वांत लांब जातो त्याला पुढे ठेवतात, आणि जो धावण्यात मंद त्याला गोलरक्षक करतात. उरलेली मुले पाण्याच्या बाटल्या सांभाळतात व टाळ्या वाजवितात. संघ जिंकतो, ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत लागते, गावात कौतुक होते. ह्यात कोणी वाईट हेतूने वागलेले नसते. परंतु त्या दोन आठवड्यांत शाळेतील किती मुलांच्या पायाला चेंडू लागला, आणि त्यांतून कोण काय शिकले, हे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जिंकावे असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. गोट्या खेळतानाही मूल हरण्यासाठी खेळत नाही. ही इच्छा दडपून टाकावी असे म्हणणारा मनुष्य मुलांत फारसा वावरलेला नसावा. परंतु खेळता खेळता जिंकण्यासाठी मुलाने धडपडणे निराळे, आणि विजय हाती यावा म्हणून मोठ्या माणसांनी कोणास खेळवावयाचे, कोणास बसवावयाचे, कोणास कोठे उभे करावयाचे हे ठरविणे निराळे. पहिल्याने मूल वाढते. दुसऱ्याने काही मुलांची वाढ खुंटते, व ती बहुधा जी लहान, बुजरी, उशिरा अंगाने भरणारी, तीच असतात.

आपल्या देशी खेळांत ह्या बाबतीत एक शहाणपण आहे. खो-खोत धावणाऱ्यांच्या तीन-तीनांच्या तुकड्या क्रमाने मैदानात उतरतात, तेव्हा दुबळ्या मुलाचीही पाळी नियमानेच येते. लंगडीतही गडी पाळीपाळीने जातात. फुटबॉलच्या नियमांत अशी पाळी नाही. दांडगा मुलगा सबंध सामनाभर चेंडू आपल्याच पायाशी ठेवू शकतो आणि कोपऱ्यातील मुलाला तो एकदाही न मिळता शिट्टी वाजू शकते. खेळाने जी व्यवस्था केलेली नाही ती शिक्षकाला करावी लागते.

वयाचा प्रश्न

मुलांची निवड करताना डोळ्यांना जे कौशल्य दिसते, ते पुष्कळदा केवळ वय असते. शालेय फुटबॉलमध्ये वयोगट सामान्यतः १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला व त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात येतात. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे जवळजवळ एका वर्षाचे अंतर म्हणजे त्याच्या आयुष्याचा दहावा भाग होय. जानेवारीचा मुलगा उंच असतो, जोराने धावतो, म्हणून संघात येतो. संघात आल्यामुळे त्याला अधिक सराव मिळतो, सरावाने तो खरोखरच चांगला होतो. पुढच्या वर्षी निवड करणारा म्हणतो, पाहा, पारख बरोबर होती. निरनिराळ्या देशांतील युवक संघांच्या याद्या तपासणाऱ्या अभ्यासकांना वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी पुनःपुन्हा आढळली आहे. हा जन्मवेळेचा लाभ आहे. गुणाचा नव्हे.

आपल्याकडे मागील पिढीत हा अभ्यास करणे कठीणच गेले असते. पालकाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहीत, आणि आजही वडीलधाऱ्या मंडळींत कितीतरी जणांचा वाढदिवस शाळा उघडण्याच्या सुमारासच येतो. आता जन्मनोंदी नीट होतात. यास्तव शिक्षकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. शाळेच्या संघाची यादी पुढ्यात घेऊन प्रत्येक नावापुढे जन्माचे वर्ष व महिना लिहावा, आणि संघात न घेतलेल्यांच्या नावापुढेही लिहावा. वरच्या इयत्तेतील व वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुलेच तेवढी संघात आली असतील, तर निवड शिक्षकाने केलेली नसून दिनदर्शिकेने केलेली आहे.

दाखल्यावरील वयाखेरीज शरीराचेही एक वय असते. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारणतः बाराव्या वर्षाच्या आसपास व मुलांत चौदाव्याच्या आसपास येतो, परंतु कोणाचा तो दोन वर्षे आधी येतो, कोणाचा दोन वर्षे उशिरा. सातवीच्या वर्गात मिसरूड फुटलेला मुलगा आणि चौथीत शोभेल असा मुलगा एकाच बाकावर बसलेले असतात. दोघांचे वय एकच. आज अंगबळावर जिंकणारा दोन वर्षांनी इतरांच्या बरोबरीला येतो, आणि त्या वेळी त्याच्याजवळ लांब टोल्याखेरीज काही नसेल तर तो मागे पडतो. उलट लहानखुऱ्या मुलाला ताकदीच्या अभावी युक्ती शिकावी लागलेली असते. मात्र तोपर्यंत तो खेळात टिकला पाहिजे.

हॅरी केन ह्या इंग्लंडच्या खेळाडूचे उदाहरण ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्याचा जन्म २८ जुलै १९९३ चा. इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात, त्यामुळे जुलैचा मुलगा आपल्या गटात धाकट्यांपैकी ठरतो. आठ वर्षांच्या सुमारास लंडनच्या आर्सेनल क्लबाच्या बालगटातून त्याला एका हंगामानंतर कमी करण्यात आले. अंगाने थोडा स्थूल आणि चपळाईत उणा, असे त्याच्याविषयी मत होते. तो खेळत राहिला, आणि २०२३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला. आठव्या वर्षी जाणत्या मंडळींनाही मुलाचे भविष्य वाचता आले नाही. मग दोन आठवड्यांच्या सरावावरून ते वाचता येईल असे खेड्यातील शिक्षकाने का मानावे? आणि केनला दुसरा क्लब मिळाला, खेड्यातील मुलाला दुसरी शाळा नसते.

ह्याच ठिकाणी एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. विजयाचा हव्यास वाढला की वयाच्या दाखल्याकडे हात जातो. वयचोरीची प्रकरणे शालेय व युवक स्पर्धांतून वारंवार उघडकीस आलेली आहेत. ज्या मुलाचे वय कमी दाखविले जाते त्याला गुरुजींनी लबाडी कशी करावी हे शिकविलेले असते, आणि त्याच्यामुळे ज्याची जागा गेली त्याला कष्टाचा उपयोग नसतो हे शिकविलेले असते. दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असते, याचा विसर पडू नये.

चेंडू किती जणांच्या वाट्याला येतो

बावीस मुले, एक चेंडू व वीस मिनिटांचा खेळ असे समजू. चेंडू एक क्षणही बाहेर गेला नाही असे मानले, तरी १,२०० सेकंद बावीसांत वाटले असता प्रत्येकाच्या वाट्याला ५५ सेकंदसुद्धा येत नाहीत. वस्तुतः समसमान वाटप कधीच होत नाही. चार-पाच मुले बहुतेक वेळ घेतात व उरलेली मैदानावर उभी राहून खेळ पाहतात. तीच मुले तीन विरुद्ध तीन अशी खेळविली तर सहांत २०० सेकंद प्रत्येकी येतात, आणि लपायला जागा उरत नाही. गणिताच्या तासाला हे उदाहरण मुलांकडूनच सोडवून घ्यावे. मोठे मैदान मागणारी मुले आपणहून लहान मैदान मागू लागतील.

हा विचार केवळ कागदावरचा नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली झालेल्या निर्णयानुसार सात-आठ वर्षांखालील मुले पाच-पाचांच्या संघांत, त्यापुढील दोन वर्षे सात-सातांच्या व नंतर नऊ-नऊांच्या संघांत खेळू लागली. अकरा-अकरांचा खेळ त्यानंतर येई. जर्मनीची कथा अधिक बोधप्रद आहे. २००० सालच्या युरोपीय स्पर्धेत तेथील राष्ट्रीय संघ तीन सामन्यांत एक गोल व एक गुण मिळवून आपल्या गटात तळाला राहिला. त्या धक्क्यानंतर देशभर मुलांसाठी प्रशिक्षण केंद्रांचे जाळे विणण्यात आले, आणि २०१४ मध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला. तथापि २०१८ व २०२२ च्या विश्वचषकांत तोच देश पहिल्या फेरीत बाहेर पडला, आणि विचार आणखी खाली, अगदी बालगटापर्यंत, नेण्यात आला. २०२४-२५ च्या हंगामापासून तेथे सर्वांत लहान मुले दोन-दोन किंवा तीन-तीनांच्या संघांत, चार छोट्या गोलांच्या मैदानावर खेळतात. बालगटांतून गुणतक्ता काढून टाकलेला आहे.

जर्मनांनी विजय मात्र काढून टाकलेला नाही, ही त्यातील खरी मेख. एकापुढे एक अशी अनेक लहान मैदाने आखलेली असतात. काही मिनिटांचा सामना संपला की जिंकलेला संघ एक मैदान पुढे जातो, हरलेला एक मैदान मागे येतो. दोन-तीन फेऱ्यांत तुल्यबळ संघ आपोआप समोरासमोर येतात. मग कोणी दहा गोलांनी हरत नाही व कोणी आळसावून जिंकत नाही. प्रत्येक सामना जिंकण्याजोगा असतो, आणि हरण्याजोगाही.

नॉर्वेने तर १९८७ सालीच मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केले, आणि २००७ मध्ये मुलांच्या क्रीडाहक्कांची सनद स्वीकारली. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालांच्या याद्या व गुणतक्ते लावावयाचे नाहीत, आणि तेरा वर्षांपूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा नाही, असा तेथे दंडक आहे. अशाने राष्ट्र खेळांत मागे पडेल अशी शंका येणे साहजिक आहे. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा हा देश २०१८ व २०२२ ह्या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकांत पदकतक्त्यावर पहिला आला. बर्फाच्या देशाने बर्फावरील खेळांत पुढे असावे यात नवल थोडे, हे खरे. पण बालपणी तक्ता न लावल्याने त्यांचे नुकसान झाले, असे तरी कोणास म्हणता यावयाचे नाही.

मैदानाची आखणी व तासाची मांडणी

जर्मन पद्धत आपल्या शाळेच्या पटांगणात उतरविण्यास खर्च लागत नाही. वीस ते पंचवीस पावले लांब व पंधरा पावले रुंद असे पट्टे चुन्याने किंवा राखेने आखावेत. प्रत्येक टोकाला दोन-दोन छोटे गोल असावेत. त्यांसाठी दगड किंवा चपलांचे जोड ठेवले तरी पुरे. गोलाची रुंदी दोन पावले ठेवावी. एवढ्याशा गोलाला गोलरक्षक लागत नाही, म्हणून मंद मुलाला तेथे उभे करण्याचा मोहही होत नाही. दोन-दोन गोल असल्याचा मोठा फायदा असा की एका बाजूला गर्दी झाली तर मुलाला मान वर करून दुसऱ्या बाजूला पाहावे लागते. पाहण्याची ही सवय लागली की निम्मा फुटबॉल आला.

तीस मुलांसाठी पाच पट्टे होतात. चेंडू पाच नसतील. रबरी चेंडू चालतो, चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडूही चालतो. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही, म्हणून लहान मुलांच्या पायाशी तो अधिक राहतो. पहिला पट्टा ध्वजस्तंभाजवळ व शेवटचा फाटकाजवळ अशी रचना असली तर सूचना देणे सोपे जाते. सहा मिनिटांनी शिट्टी वाजवावी. जिंकलेला संघ ध्वजाकडे सरकेल, हरलेला फाटकाकडे. बरोबरी झाल्यास शेवटचा गोल करणारा संघ पुढे जावा, आणि गोलच झाला नसेल तर नाणे उडवावे. संघ पाडताना मुला-मुलींना एकत्रच खेळवावे. ह्या वयात मुली पुष्कळदा उंचीने व वेगाने पुढेच असतात. चौथा गडी असल्यास प्रत्येक गोलानंतर ठरल्या क्रमाने एकाने बाहेर यावे व एकाने आत जावे. क्रम मुलांनीच लक्षात ठेवावा.

शिक्षकाचे काम ह्या वेळी कमी बोलण्याचे आहे. ‘मार’, ‘पळ’, ‘पास दे’ असा सतत पुकारा होत राहिला की मूल शिक्षकाचे डोळे घेऊन खेळू लागते. एका पट्ट्याजवळ थांबून, खेळ क्षणभर थोपवून एकच प्रश्न विचारावा : चेंडू येण्यापूर्वी तू कोठे पाहिलेस? उत्तर आले नाही तरी हरकत नाही. पुढच्या वेळी ते मूल पाहते. चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकविण्याचा प्रयत्न फसला व त्यातून गोल झाला, तर त्या मुलाला रागावू नये. दहाव्या वर्षी चकविण्याचे धाडस केले नाही ते सोळाव्या वर्षी येत नाही. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव प्राथमिक वयात घेऊ नये. इंग्लंडमध्ये २०२० पासून ह्या वयाच्या मुलांच्या प्रशिक्षणातून तो मेंदूच्या काळजीपोटी वगळलेला आहे.

सामन्याला जाताना

सामन्यांना जाऊच नये, असे वरील विवेचनावरून कोणी समजू नये. परगावी जाणे, अनोळखी मुलांशी खेळणे, पंचाचा निर्णय मान्य करणे, हरून घरी परतताना एकमेकांशी न भांडणे, हे सारे शिक्षणच आहे, व ते शाळेच्या पटांगणात मिळत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि हे प्रमाण वयाप्रमाणे बदलले पाहिजे. पाचवीपर्यंत शाळेचा ठराविक संघ असूच नये. ज्या दिवशी सामना त्या दिवशी जी मुले आलटून-पालटून येतील तोच संघ. सहावी-सातवीत संघ निवडावा, परंतु निवडलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळावयास मिळावा, आणि अंतिम सामन्यातही हा नियम मोडू नये. नियम नेमका तेथेच मोडला जातो. उपान्त्य फेरीपर्यंत सर्वांना खेळविणारे शिक्षक अंतिम सामन्यात चार मुलांना बाकावर बसवितात, आणि त्या चौघांना आधीचे सामने विसरून तेवढेच लक्षात राहते. माध्यमिक शाळेत, चौदा वर्षांपुढे, कसब पाहून संघ निवडणे व जिंकण्यासाठी डाव आखणे योग्य ठरते. तोवर मुलाला निवडले न जाण्याचा अर्थही कळू लागलेला असतो.

अशा रीतीने खेळणारा संघ आरंभी हरेल. ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. समोरचा संघ दांडग्या मुलाकडे चेंडू उंच भिरकावील व जिंकेल, आणि गावात प्रश्न विचारला जाईल. ज्या भागात खेळाचे वेड मुरलेले आहे तेथे तो अधिक तिखटपणे विचारला जाईल. कोल्हापुरात पेठेपेठेचा संघ आहे, शाहू स्टेडियम माणसांनी भरून जाते, व हरलेल्या सामन्याची चर्चा आठवडाभर चालते. २०१७ च्या भारतीय युवक संघात खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. ते वेड मोलाचे आहे, परंतु ते मोठ्यांच्या खेळाभोवतीचे आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर गावाची अब्रू ठेवणे त्याला पेलणारे नाही.

यास्तव सामन्यानंतर खुलासा करीत बसण्यापेक्षा हंगामापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नियम सांगून टाकावेत : सर्व मुले खेळतील, जागा बदलत राहतील, दाखले खरे असतील, आणि पहिल्या वर्षी ढाल बहुधा येणार नाही. सरपंचांनी व पालकांनी विचारले तर त्यांना शाळेत बोलावून पाच पट्ट्यांचा खेळ दाखवावा. आपले मूल खेळताना दिसले की पालकाचा ढालीविषयीचा आग्रह पुष्कळ ओसरतो. आग्रह धरणाऱ्यांत ज्यांची मुले खेळतच नव्हती असेही काही जण निघतील. त्यांच्याशी निराळे बोलावे.

समितीपुढे ठेवण्यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. तिच्यात मुलाचे नाव, महिन्यात तो किती दिवस खेळला, सामन्यात किती मिनिटे खेळला, कोणकोणत्या जागी खेळला, आणि आधी न येणारी कोणती एक गोष्ट आता त्याला येते, एवढे रकाने असले की पुरे. जूनमध्ये खेळणाऱ्यांपैकी कितीजण मार्चमध्येही खेळत आहेत, हा आकडा शेवटच्या पानावर लिहावा, व जी नावे गळली त्या मुलांना बोलावून कारण विचारावे. कोणी पाय दुखतो म्हणेल, कोणी शेतावर जावे लागते म्हणेल, कोणी काहीच बोलणार नाही. न बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चेंडूत हवा भरण्याचे काम द्यावे. नोंदी शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटांत होतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर सातवीतील एखाद्या मुलीकडे हे काम सोपविले तरी ते नीट चालते.